सकर मासा तलाव साफ करतो म्हणे!

आपल्या सोलापुरात हे लई वर्षं चालूय, घरच्या फिश टँकमध्ये काच साफ करायला ठेवलेला सकर हातभर झाला, काच खरवडून कंटाळला की लोक म्हणतात सोडा कंबर तलावात नाहीतर हिप्परग्याला, तेवढंच पाणी साफ होईल आणि जीव वाचवल्याचं पुण्य. नाही ओ, उलटं होतं!

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो शेवाळ खातो हे खरंय, पण तलावात तेच शेवाळ आपल्या गावठी माशांचं खाद्य आहे. वर अंडी घालायला काठात बिळं पाडतो, काठ ढासळतो, पाणी गढूळ, म्हणजे साफसफाई बाजूलाच राहिली. अंगावर हाडांचं चिलखत आणि काटे असल्यानं जाळीच फाटतात, मच्छीमाराचा तोटा वेगळा. पोटातनं हवेतला ऑक्सिजन घेतो, म्हणून पाण्याबाहेर पण तासन्‌तास मरत नाही, मेला समजून काठावर टाकला की गडी घसरत परत पाण्यात.

आणि सापडला तर नुसतं 'राक्षसी मासा' म्हणून व्हॉट्सअपवर फिरवू नका राव. वरून, बाजूनं आणि पोटाचा असे तीन फोटो काढा, पोटावर सुटे ठिपके आहेत का नागमोडी नक्षी यावरनं जात ओळखायला मदत होते. तारीख आणि जागा टाकून आयनॅचरलिस्टवर (प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवायची वेबसाइट आणि अ‍ॅप) चढवा, फुकट आहे, बाकीचे लोक ओळख पक्की करतात आणि नोंद अभ्यासकांना वापरता येते. फॉरवर्ड झालेल्या फोटोत हेच नसतं, कुठला तलाव, कधीचा, काही पत्ता नाही. फोटो झाल्यावर मासा परत पाण्यात सोडू नका तेवढं.