कंपनीच्या वतीने लिहिणे आणि कंपनीत असताना लिहिणे

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये सकाळी नऊच्या सुमारास उभे राहण्यापुरती जागा मिळाली, तरी आजूबाजूच्या मोबाइलवर बरेच लेखन चाललेले दिसते. ऐरोली, रबाळे, घणसोली अशी स्थानके येतील तसा डबा रिकामा होत जातो आणि उतरणाऱ्या बहुतेकांच्या गळ्यात ओळखपत्राची दोरी असते. त्यांच्यातील एखादी अभियंता लिंक्डइनवर आपल्या कामाविषयी चार परिच्छेद लिहिते आणि तिच्या नावाखाली पदनाम व कंपनीचे नाव आपोआप उमटते. हे लेखन तिचे की तिच्या कंपनीचे, हा प्रश्न तिला पडत नाही, कारण तिच्या दृष्टीने उत्तर उघड असते. वाचणाऱ्याला ते तितके उघड नसते, आणि पुढे वाद झालाच तर तिच्या मनात काय होते यापेक्षा वाचणाऱ्याचा काय समज होणे स्वाभाविक होते, यालाच अधिक वजन येते.

कंपनीच्या वतीने लिहिणे ही एक गोष्ट आहे आणि कंपनीत नोकरी करत असताना स्वतःचे म्हणून लिहिणे ही दुसरी. दोन्हींत लिहिणारा हात तोच, विषय बहुधा तोच आणि कित्येकदा वाचकही तेच असतात, म्हणून त्यांची गल्लत होते. त्यांना वेगळे करणारी रेषा अधिकाराची आहे. कंपनीच्या वतीने लिहिणाऱ्यावर ते काम कोणीतरी सोपवलेले असते, मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी कोणाच्या तरी नजरेखालून जातो आणि त्यात दिलेला शब्द कंपनीला निभवावा लागतो. स्वतःचे लिहिणाऱ्याला कोणी नेमलेले नसते आणि त्याच्या शब्दाची जबाबदारीही त्याच्यापाशीच थांबते. निदान थांबायला हवी. भारतीय करार अधिनियम, 1872 याचे कलम 237 या 'थांबायला हवी'ला एक अपवाद जोडते. एखाद्याला आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार आहे, असे इतरांना वाटावे अशी परिस्थिती मालकानेच आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने निर्माण केली असेल, तर त्या माणसाने अधिकार ओलांडून केलेल्या गोष्टीही मालकाला बांधू शकतात. विक्री विभागातील ज्या माणसाला कंपनी वर्षानुवर्षे ग्राहकांसमोर पुढे करत आली, त्याने 'वैयक्तिक' पोस्टमध्ये दिलेले सवलतीचे आश्वासन म्हणूनच कंपनीला सहज झटकता येत नाही. तेच आश्वासन हिशेब खात्यातील कारकुनाने दिले असते, तर ते कोणी फारसे मनावर घेतले नसते.

खाते कोणाचे आहे यावरून लेखन कोणाचे ते ठरते, हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. मी स्वतः काही वर्षे नवी मुंबईतील एका कंपनीच्या जनसंपर्क विभागात काम केले, तेव्हा नवे उत्पादन बाजारात येण्याच्या आदल्या संध्याकाळी सर्वांना एक ईमेल जात असे: सोबतचा मजकूर व चित्र उद्या सकाळी दहा वाजता आपापल्या खात्यावर टाकावे. दुसऱ्या दिवशी तीस-चाळीस जणांच्या खात्यांवर तोच परिच्छेद, त्याच स्वल्पविरामांसह झळकायचा, आणि प्रत्येकाची सुरुवात 'मला मनापासून आनंद होतो' अशी असायची. (चाळीस माणसांना एकाच मिनिटाला मनापासून आनंद होणे ही घटना कार्यालयात एरवी केवळ पगाराच्या दिवशीच घडते.) एकदा एका सहकाऱ्याने त्या परिच्छेदाला स्वतःचे एक वाक्य जोडले आणि पुढची आवृत्ती दिवाळीपूर्वी येईल असे लिहून टाकले. दोनच दिवसांत एका ग्राहकाने ती तारीख गृहीत धरून विचारणा केली आणि तो सहकारी 'ते माझे वैयक्तिक खाते आहे' असे सांगत राहिला. पण मजकूर कंपनीचा, वेळ कंपनीने ठरवलेली, उद्देशही कंपनीचा. त्यात त्याचे स्वतःचे होते ते केवळ ते एक वाक्य, आणि नेमके तेच त्याला लिहायचा अधिकार नव्हता. याच्या उलट, कंपनीच्या अधिकृत पानावर एखाद्या कर्मचाऱ्याची मुलाखत त्याच्या शब्दांत आली, तरी ते लेखन कंपनीचेच असते, कारण त्यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे कंपनीने ठरवलेले असते.

दुसरा भरवसा असतो 'येथील मते वैयक्तिक आहेत' या ओळीवर. ही ओळ निरुपयोगी नाही. आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीने 2005 मध्ये कर्मचाऱ्यांच्या जाहीर लेखनासाठी मार्गदर्शक नियम केले, आणि विशेष म्हणजे ते कर्मचाऱ्यांनीच एकत्र येऊन तयार केले होते. त्यांतही आपली ओळख द्यावी आणि मते कंपनीची नाहीत असे स्पष्ट करावे, असे सांगितले होते. ओळीचे काम तिच्या शब्दांतच लिहिलेले आहे: ती मताला लागू पडते. अमुक प्रोग्रॅमिंग भाषा तमुकीपेक्षा सोयीची आहे, घरून काम केल्याने नवशिक्यांचे नुकसान होते, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांनी बससेवा सुरू ठेवायला हवी होती, ही मते आहेत आणि त्यांच्यापुढे ती ओळ शोभते. परंतु आमच्या क्लायंटचा सर्व्हर मागच्या आठवड्यात चार तास बंद होता, हे मत नव्हे. ती माहिती आहे, नोकरीमुळे हाती आलेली आहे, आणि ती वैयक्तिक खात्यावर लिहिल्याने वैयक्तिक होत नाही. नियुक्तिपत्रातील गोपनीयतेचे कलम मजकूर कोठे लिहिला हे विचारत नाही. माहिती कोठून मिळाली, एवढेच विचारते.

ही चूक शब्दांपेक्षा छायाचित्रांतून अधिक होते. महापे आणि ऐरोलीच्या परिसरात डेटा सेंटर बरीच आहेत, आणि तेथे रुजू झालेल्या तरुणाला सर्व्हर ठेवलेल्या रॅकसमोर उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह होणे समजण्यासारखे आहे. मात्र त्या रॅकवर चिकटवलेल्या पट्टीवर क्लायंटचे नाव असू शकते. वाढदिवसाच्या केकमागे दिसणाऱ्या व्हाइटबोर्डचेही तसेच. त्यावर आगामी प्रकल्पाचा आराखडा असेल, तर कडेला लिहिलेल्या 'मते वैयक्तिक' या ओळीचा त्या छायाचित्राशी काही संबंधच उरत नाही.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर मत आणि माहिती यांतील फरक आणखी टोकदार होतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या 2015 च्या नियमांनुसार महत्त्वाच्या घडामोडी शेअर बाजाराला कळवण्याचा अधिकार संचालक मंडळाने नेमलेल्या प्रमुख अधिकाऱ्यांकडे असतो, म्हणजे कंपनीच्या वतीने बोलणारे येथे अक्षरशः नावानिशी ठरलेले असतात. कंपनीच्या आतल्या माहितीवर समभागांचे व्यवहार करणे रोखणाऱ्या त्याच वर्षीच्या नियमांनुसार आर्थिक निकाल, लाभांश किंवा विलीनीकरण यांसारखी, जाहीर न झालेली आणि समभागाच्या किमतीवर परिणाम करू शकणारी माहिती दुसऱ्याला देण्यास, कायदेशीर कामकाजाचा भाग वगळता, मनाई आहे. तिमाही संपताच आतल्या मंडळींसाठी समभागांच्या व्यवहारांची खिडकी बंद होते आणि निकाल जाहीर झाल्यानंतर 48 तासांनी ती उघडते. नेमक्या त्याच दिवसांत एखादा व्यवस्थापक 'या तिमाहीत आपल्या विभागाने विक्रीचे लक्ष्य दुपटीने ओलांडले, सर्वांचे अभिनंदन' असे लिहून मोकळा होतो. त्याच्या दृष्टीने ती सहकाऱ्यांची पाठ थोपटणे असते. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने ती निकालाआधीची बातमी असते.

येथवर वाचून कोणी ठरवेल की कंपनीचे नावच कोठे येऊ द्यायचे नाही, म्हणजे प्रश्न मिटला. माझ्या मते हा उपाय मूळ दुखण्याहून वाईट आहे. आपल्याच कंपनीच्या उत्पादनाची वाखाणणी नोकरी लपवून करणे, हे स्वतःचे लेखन असल्याचे सोंग घेऊन कंपनीच्या वतीने लिहिणे होय. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, 2021 मध्ये समाजमाध्यमांवरील जाहिरातींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत जाहिरातदाराशी असलेला जो महत्त्वाचा संबंध उघड करायला हवा, त्यात नोकरीचे नातेही धरले आहे. ग्राहक व्यवहार विभागाच्या 2023 च्या सूचनांचा रोखही तोच आहे. म्हणून अ‍ॅपच्या पानावर पाच तारे देऊन 'वापरून पाहिले, उत्तम आहे' असे लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याने 'मी याच कंपनीत काम करतो' एवढी भर घालावी. ती घालण्याची लाज वाटत असेल, तर तारे देऊ नयेत.

सरकारी नोकरांच्या बाबतीत ही विभागणी लेखी स्वरूपात बरीच जुनी आहे. केंद्राच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत शासकीय धोरणावर जाहीर टीका करण्यास मनाई आहे, पण अधिकृत नात्याने किंवा सोपवलेले कर्तव्य बजावताना मांडलेल्या मतांना ती लागू नाही. आणि पुस्तक लिहिणाऱ्या किंवा माध्यमांत सहभागी होणाऱ्या कर्मचाऱ्याने ती मते आपली आहेत, शासनाची नाहीत, हे स्पष्ट करायचे असते. राज्यातील कर्मचाऱ्यांसाठी 1979 चे वर्तणूक नियम आहेत, आणि जुलै 2025 मध्ये राज्य शासनाने वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगवेगळी ठेवण्याची सूचनाही काढली. खासगी कंपनीत यांपैकी काही आपोआप लागू होत नाही. तेथे नियुक्तिपत्र आणि समाजमाध्यमविषयक धोरण हीच कागदपत्रे, आणि दुसरे बहुतेकांनी रुजू होण्याच्या दिवशी न वाचताच 'मान्य आहे' वर बोट ठेवून संपवलेले असते.

मालकी हा या तुलनेतील सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. कॉपीराइट अधिनियम, 1957 याच्या कलम 17 नुसार नोकरीच्या कराराखाली, नोकरीच्या ओघात केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळे काही ठरले नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. कार्यालयात कामाचा भाग म्हणून लिहिलेली वापरपुस्तिका, प्रसिद्धिपत्रक किंवा संचालकांच्या नावे लिहून दिलेला लेख हे सारे कंपनीचे. लोकलमधल्या त्या अभियंता तरुणीने घोडबंदर रस्त्यावरील आपल्या घरी, रात्री, दिवाळी अंकासाठी यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग) मराठीत समजावून सांगणारा लेख लिहिला, तर तो तिचा. विषय कामाचा आहे म्हणून लेख कामाचा ठरत नाही. वृत्तपत्रांबाबत याच कलमात एक चमत्कारिक तडजोड आहे: पगारी पत्रकाराने वृत्तपत्रासाठी लिहिलेल्या मजकुराच्या वृत्तपत्र-मासिकांतील प्रसिद्धीचा हक्क मालकाकडे, आणि उरलेल्या सर्व बाबतींत पत्रकाराकडे. इतर क्षेत्रांत अशी वाटणी नाही, आणि 'वेगळे काही ठरले नसेल तर' हे शब्द मात्र दोन्ही बाजूंना धार असलेले आहेत. पुष्कळ आयटी कंपन्यांच्या करारांत नोकरीच्या काळात निर्माण केलेल्या सर्व कृतींचे हक्क कंपनीला देणारे कलम असते, कधी कधी इतके सैल शब्दांत की त्यात कर्मचाऱ्याच्या कविताही बसाव्यात. नियमित लिहिणाऱ्याने असे कलम सही करण्यापूर्वी एचआरकडे दाखवून कामाबाहेरचे लेखन त्यातून लेखी वगळून घ्यावे. ही मागणी वाटते तितकी उद्धट नाही आणि बहुधा मान्यही होते.

तक्रारीचे लेखन या दोन्ही प्रकारांत नीट बसत नाही. टीटीसी या ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्याला सुरक्षेतील त्रुटी दिसली आणि त्याने ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवली, तर ते जाहीर लेखन नव्हे. तीच गोष्ट छायाचित्रांसह समाजमाध्यमावर टाकली, की ते स्वतःच्या नावाने केलेले जाहीर विधान होते आणि बदनामीचा प्रश्नही त्यासोबत येतो, जो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. एक बाब तर पूर्णतः बंद आहे: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचे कलम 16 तक्रारीचा मजकूर, संबंधितांची ओळख आणि चौकशीचे कामकाज प्रसिद्ध करण्यास मनाई करते, मग ते कंपनीच्या पानावर असो वा सहानुभूतीने लिहिलेल्या वैयक्तिक पोस्टमध्ये. पीडितेची ओळख उघड न करता तिला मिळालेल्या न्यायाची माहिती देता येते, इतकीच सवलत त्यात आहे.

नोकरी सुटते तेव्हा ही दोन लेखने अखेर एकमेकांपासून वेगळी होतात. कंपनीच्या वतीने लिहिलेले कंपनीच्या पानावर राहते आणि ते काढायचे की ठेवायचे हे तिच्या हाती असते. स्वतःचे लिहिलेले सोबत येते, पण त्याच्या शेजारी जुने पदनाम तसेच राहिले, तर नव्या वाचकाला ते अजूनही जुन्या कंपनीचेच बोलणे वाटते. गोपनीयतेचे बंधन बहुतेक करारांत राजीनाम्यानंतरही चालू असते, त्यामुळे ऐरोलीचे ओळखपत्र परत केले म्हणून क्लायंटचा सर्व्हर बंद पडलेल्या त्या चार तासांविषयी लिहायची मुभा मिळत नाही. प्रोग्रॅमिंगच्या भाषेविषयीचे मत मात्र लोकलमधल्या त्या अभियंता तरुणीचेच असते, आणि नव्या कार्यालयातील पहिल्या दिवशी, पदनाम बदलून झाल्यावर, ते तिला पुन्हा लिहिता येते.