१५ जूनचे साडेचार तास

डिसेंबरात नवं कॅलेंडर घरात आलं की आमच्या शेजारच्या काकू आधी गणपती बघतात, मग दिवाळी, आणि मग सुट्ट्या मोजतात. २०२६ चं कॅलेंडर उघडलं आणि त्या मे-जूनच्या पानांवरच थबकल्या. "अरे, अधिक आलाय! धाकटीचं लग्न मेअखेरीस धरलं होतं. ग्रह बरे नसतात म्हणे या महिन्यात, पुढे ढकला म्हणतायत सगळे." मी म्हटलं, "काकू, यात ग्रहांचा काही संबंध नाही. सूर्य आणि चंद्र, बस." "मग सांग समजावून," म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यांना सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितो.

आधी वर्षाच्या तारखा बघू. गुढीपाडवा १९ मार्चला, म्हणजे २०२५ च्या (३० मार्च) अकरा दिवस आधी. पण पाडव्यानंतरचे मोठे सण उलट उशिरा आहेत. आषाढी एकादशी ६ जुलैची २५ जुलैला गेली, गणपती २७ ऑगस्टचे १४ सप्टेंबरला, दसरा २ ऑक्टोबरचा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरचं ८ नोव्हेंबरला. वर्ष सुरू होताना अकरा दिवस मागे, आणि मध्येच कुठेतरी उडी मारून अठरा-एकोणीस दिवस पुढे. ही उडी १७ मे ते १५ जून या काळात आहे. तोच अधिक ज्येष्ठ.

शाळेतली बेरीज आठवू. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस आणि थोडे तास. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी मात्र ३६५ दिवस सहा तासांची. दर वर्षी सुमारे ११ दिवसांची तूट पडते. ती भरून काढली नाही तर काय होतं, हे बघायला लांब जायला नको. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि रमजान ईद ३१ मार्चला होती. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला, ईद चंद्रदर्शनाप्रमाणे २०-२१ मार्चच्या आसपास. दोन वर्षं दोन्ही सण हातात हात घालून अकरा-अकरा दिवस मागे सरकले. २०२७ मध्ये ईद आणखी मागे, मार्चच्या दहा तारखेच्या आसपास जाईल, आणि पाडवा येईल ७ एप्रिलला! हिजरी पंचांग निव्वळ चंद्राचं आहे, ते ऋतूंतून फिरत राहतं. आपल्या पंचांगाला चंद्रही हवा आणि ऋतूही. म्हणून तेरावा महिना.

हा महिना कधी घालायचा, हे कुणी बसून ठरवत नाही. ठरलेलं अंतर मोजून टाकलेला लीप वर्षाचा दिवस असतो, तसं हे नाही. "दर तीन वर्षांनी अधिक येतो" हे आपण सर्रास म्हणतो, पण ते ढोबळ आहे. नियम फार सुंदर आहे, आणि मला तो प्रत्येक वेळी नव्याने आवडतो.

आकाशात सूर्य ज्या वाटेने जाताना दिसतो, तिचे बारा सारखे भाग म्हणजे राशी. सूर्य एका राशीतून दुसरीत गेला की संक्रांत. मकरसंक्रांत आपल्याला ठाऊक असते, पण अशा वर्षात बारा असतात. चांद्र महिन्याला नाव मिळतं ते त्यात पडणाऱ्या संक्रांतीवरून. ज्या महिन्यात सूर्य मेषेत शिरतो तो चैत्र, वृषभेत शिरतो तो वैशाख, मिथुनेत शिरतो तो ज्येष्ठ. आणि ज्या महिन्यात संक्रांत पडतच नाही? त्याला स्वतःचं नाव नाही. तो पुढच्या महिन्याचं नाव उसनं घेतो आणि मागे 'अधिक' लावतो. हिशेब एवढाच. बाकी सगळं आपोआप होतं.

आता कॅलेंडर हातात घ्या आणि माझ्याबरोबर पानं उलटा. १४ जानेवारी, मकरसंक्रांत: पौष वद्य एकादशी. १३ फेब्रुवारी, कुंभसंक्रांत: पुन्हा वद्य एकादशी. १५ मार्च, मीनसंक्रांत: तिसऱ्यांदा वद्य एकादशी! १४ एप्रिल, मेषसंक्रांत: वद्य द्वादशी. १५ मे, वृषभसंक्रांत: वद्य त्रयोदशी. संक्रांत हळूहळू अमावास्येकडे सरकते आहे. अमावास्या संपते १७ मेच्या पहाटे, दीडच्या सुमारास. तिथून नवा महिना सुरू. पुढची अमावास्या संपते १५ जूनला सकाळी साडेआठच्या थोडं आधी. आणि मिथुनसंक्रांत? त्याच दिवशी, १५ जूनलाच, पण दुपारी एकच्या सुमारास. महिना संपून गेला आणि सूर्य साडेचार तास उशिरा आला.

या साडेचार तासांनी २०२६ चा अधिक महिना ज्येष्ठाचा ठरवला. सूर्य सकाळी आठला मिथुनेत शिरला असता तर तो महिना साधा ज्येष्ठ झाला असता.

इथे एक गोष्ट कदाचित तुमच्या लक्षात आली असेल. जानेवारी ते मार्च संक्रांत एकाच तिथीवर अडून राहिली आणि एप्रिलनंतर पुढे सरकू लागली. असं का? पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नाही. जानेवारीच्या सुरुवातीला (२०२६ मध्ये ३ तारखेला) आपण सूर्याच्या सगळ्यांत जवळ असतो, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला (६ तारखेला) सगळ्यांत लांब, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. केप्लरचा दुसरा नियम सांगतो की सूर्याजवळ असताना ग्रह वेगाने पळतो, लांब असताना रेंगाळतो. पृथ्वीचा वेग सेकंदाला ३०.३ किलोमीटरवरून २९.३ वर येतो. त्यामुळे आकाशात सूर्य हिवाळ्यात एक रास साडेएकोणतीस दिवसांत ओलांडतो. म्हणजे जवळजवळ चांद्र महिन्याइतक्याच वेळात, म्हणून तिथी हलत नाही. मे-जूनमध्ये त्याच तीस अंशांना त्याला साडेएकतीस दिवसांच्या आसपास लागतात. यंदा वृषभेत सूर्य ३१ दिवसांपेक्षा जास्त राहिला आणि चांद्र महिना होता २९ दिवस सात तासांचा. लांब घरात आखूड पाहुणा. तो दोन्ही भिंतींना न लागता आत बसला.

म्हणून अधिक महिने उन्हाळा-पावसाळ्यातच जास्त पडतात. गेले काही आठवून बघा: २०१८ ज्येष्ठ, २०२० आश्विन, २०२३ श्रावण, आता २०२६ ज्येष्ठ. अधिक मार्गशीर्ष वा पौष तुम्ही पाहिलेला नसेल. उलट त्या दिवसांत सौर महिना चांद्र महिन्याहून आखूड असल्यामुळे क्वचित एकाच चांद्र महिन्यात दोन संक्रांती पडतात आणि एका महिन्याचं नावच गळतं. तो क्षयमास. १९६३-६४ मध्ये आणि १९८२-८३ मध्ये असं झालं होतं. अशा वर्षी त्याच्या आगेमागे दोन अधिक महिने येऊन हिशेब भरून काढतात. हे कागदावर मांडून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही, मलाही तसंच कळलं. बारा संक्रांती एका ओळीत, अमावास्या तिच्याखाली, एवढी आकृती पुरते.

जुनं कॅलेंडर सांभाळून ठेवणारं कुणी घरात असेल तर २००७ चं काढायला सांगा. १७ मे ते १५ जून, अधिक ज्येष्ठ. अगदी त्याच तारखा! १९ वर्षांत २३५ चांद्र महिने जवळजवळ नेमके बसतात, फरक पाच तासांहून कमी. २२८ साधे आणि ७ अधिक. अथेन्सच्या मेटन या खगोलज्ञाच्या नावाने हे चक्र ओळखलं जातं (इ.स.पू. ४३२), ज्यूंचं पंचांग आजही १९ वर्षांत ७ महिने वाढवतं. आपल्याकडे वेदांग ज्योतिषात पाच वर्षांचं युग आणि त्यात दोन अधिक महिने होते. ते माप थोडं सैल होतं, पुढच्या सिद्धान्तकारांनी घट्ट केलं.

हे सगळं राशींचा आरंभ कुठे धरता यावरही अवलंबून आहे. टिळक पंचांगात तो बिंदू काही अंश वेगळा आहे, त्यामुळे संक्रांती चारेक दिवस आधी पडतात आणि अधिक महिना कधीकधी वेगळाच निघतो. हे पंचांग मानणाऱ्या कोकणातल्या काही घरांत एखाद्या वर्षी बाकीच्या महाराष्ट्राच्या महिनाभर आधी गणपती बसतात, ते यामुळे.

आणि पाऊस? अधिक ज्येष्ठामुळे पाऊस लांबतो, असं मी दर वेळी ऐकतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत, चंद्राची नाहीत. मृग २०२६ मध्येही ८ जूनच्या आसपासच लागेल, अधिक असो वा नसो. बदलेल ती वारी. २०२५ मध्ये पालख्या १८-१९ जूनला निघाल्या होत्या, पेरण्या खोळंबलेल्या ठेवून निघणारे कितीतरी होते. २०२६ मध्ये देहू-आळंदीहून निघायला ७-८ जुलै उजाडेल. पाऊस वेळेवर आला तर पेरणी उरकून निघता येईल. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण मात्र त्या वर्षांची आहे, जेव्हा पोटाला दाणा नव्हता आणि पंचांगात एक महिना वाढला होता.

तर काकूंचा प्रश्न. अधिक महिन्याला स्वतःची संक्रांत नाही, म्हणून नेमाचे सण-व्रतं त्यात न धरता निज, म्हणजे त्याच नावाच्या पुढच्या खऱ्या महिन्यात धरायची, ही हिशेबाची सोय होती. तेच व्रत दोनदा होऊ नये एवढंच. अधिक महिन्याला 'मलमास' म्हणत म्हणत आपण त्यात अशुभ शिरवलं, आणि दुसऱ्या टोकाला जावयाला चांदीचं ताट द्यायलाच हवं म्हणून कर्ज काढायला लावलं. अशी दोन घरं मी जवळून पाहिली आहेत, आणि मला त्याचा राग येतो. तेहेतीस अनारसे जरूर करा, गोड आहेत. दोन अधिक महिन्यांमधलं सरासरी अंतरही साडेबत्तीस सौर महिन्यांच्या आसपासच आहे. पण सूर्य मिथुनेत साडेचार तास उशिरा पोचला म्हणून कुणाचा संसार बिघडत नाही.

ग्रहणांबद्दलही विचारणा होणारच. ३ मार्चला, धुळवडीच्या दिवशी खग्रास चंद्रग्रहण आहे. आपल्याकडे चंद्र उगवेल तो ग्रहण सुटता सुटता. नागपूरकडे थोडा वेळ दिसेल, मुंबईत जेमतेम. १२ ऑगस्टचं खग्रास सूर्यग्रहण ग्रीनलंड, आइसलंड, स्पेनमधून दिसेल, भारतातून नाही. त्या दिवशी टीव्हीवर कुणी काय खाऊ नये ते सांगू लागलं तर खुशाल बंद करा.

माझ्या कॅलेंडरवर मी १६ जूनला खूण केली आहे. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, ढगांनी जागा दिली तर, निज ज्येष्ठाची पहिली बारीक कोर दिसेल. तिच्या जवळ बुध, वर गुरू आणि त्याहून वर झगझगीत शुक्र. काकूंनाही गच्चीवर बोलावलं आहे. लग्नाची तारीख त्यांनी अजून बदललेली नाही.