रोमच्या गल्लीतला फुटक्या काचांचा सौदा

पहिल्या शतकात रोममध्ये राहणाऱ्या मार्शल या कवीला एका माणसाची टर उडवायची होती. म्हणून त्याने त्या माणसाला टायबर नदीपलीकडच्या फेरीवाल्याच्या पंगतीला बसवले. हा फेरीवाला फुटक्या काचा घ्यायचा आणि बदल्यात गंधकाच्या काड्या द्यायचा, बहुधा चूल पेटवायला. कवीने हे हिणवायला लिहिले. आपल्याला मात्र त्यातून भलतीच कामाची माहिती मिळते. बोहारीण दारावर हाक मारते, कारण घरोघरी जुने कपडे साठलेले असतात. फुटक्या काचांवर एखाद्याचे पोट चालत असेल, तर साध्यासुध्या घरांतही काच रोज फुटत असणार.

त्याच्या दीडशे वर्षे आधी असे नव्हते. तेव्हा कुपी करायची तर सळईच्या टोकाला मातीचा गोळा लावायचा, त्यावर वितळलेली काच गुंडाळायची आणि गार झाल्यावर आतली माती खरवडून काढायची. एका इवल्याशा कुपीला एवढा खटाटोप! मग इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्याला भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडे कुणाला तरी फुंकायची युक्ती सुचली. जेरुसलेममध्ये त्या काळच्या कारखान्याचा कचरा सापडला आहे. त्यात काचेच्याच नळ्या आहेत आणि काहींचे एक टोक फुंकून फुगवलेले आहे. लोखंडी फुंकणी नंतर आली. तिच्या टोकाला मधासारखी दाट काच घ्यायची, फुंकायचे, फिरवायचे, की पोकळ भांडे तयार. ते हळूहळू निववले की झाले. घाई केली तर बाहेरची बाजू आधी आकसते आणि भांडे तडकते. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो, रोममध्ये तांब्याच्या एका नाण्याला काचेचा पेला मिळे.

काचेचा मुख्य घटक वाळू, म्हणजे सिलिका. ती वितळायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस लागतात, आणि तेवढी उष्णता लाकडाच्या भट्टीच्या आवाक्याबाहेरची. म्हणून रोमन कारागीर त्यात इजिप्तच्या कोरड्या सरोवरांतला नॅट्रॉन घालत. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा निसर्गानेच एकत्र केला, तर जे होईल ते हे खनिज. त्याने काम हजार-अकराशे अंशांवर भागते. पण नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळते! तिला टिकवतो चुना, आणि तो किनाऱ्यावरच्या वाळूतल्या शिंपल्यांच्या चुऱ्यातून आपोआप येई. कारागिरांना यामागचे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. कुठली वाळू चांगली, एवढे मात्र पक्के ठाऊक होते.

काच बनवणारे आणि भांडी फुंकणारे बहुधा वेगवेगळे असत. कच्च्या काचेची ढेकळे जहाजांतून दूरदूर जात, अगदी आपल्याकडेही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचला उतरणाऱ्या मालात कच्ची काच आहे, आणि पैठण व तेरचा माल याच भडोचला जाई. इ.स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लिशनने किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या कच्च्या काचेला पौंडाला २४ दिनार आणि ज्युडियाच्या, म्हणजे जेरुसलेमच्या आसपासच्या प्रदेशातल्या, हिरवट काचेला १३ असा दर ठरवला.

हा हिरवटपणा वाळूतल्या लोहाचा. खिडकीच्या काचेची कड आडव्या बाजूने पाहा, तीच छटा दिसेल. संग्रहालयांत गर्दी असते ती रंग बदलणाऱ्या नक्षीदार चषकापुढे. मला विचाराल तर रोमन काचेची खरी कमाल पाहायची ती निळसर-हिरव्या चौकोनी बाटलीत. ती साच्यात फुंकत. अंग जाड, मान आखूड, तोंडाची कड आत दुमडलेली. रुंद, रेघारेघांचा कान मानेपासून खांद्यावर असा उतरतो, की बाटलीच्या चौकटीबाहेर जराही येत नाही. त्यामुळे पेटीत बाटलीला बाटली चिकटून बसते आणि हेलकाव्यात फुटत नाही. बुडाला वर्तुळे, कधी अक्षरे.

आंघोळीला जाताना लोक तेलाची गोल कुपी मनगटाला अडकवून नेत. आपण दिवाळीत तेल उटण्याने काढतो. रोमन लोक धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडून काढत. अत्तराच्या आणि लेपाच्या कुप्या थडग्यांत इतक्या सापडतात, की कुणीतरी त्यांना अश्रू साठवायच्या कुप्या ठरवून टाकले. आत सापडतात ते तेलांचे आणि प्रसाधनांचे अंश, पण रडक्या कुप्यांची गोष्ट अजून चालतेच.

तेला-अत्तराला काचच का? भाजक्या मातीला सूक्ष्म छिद्रे असतात, तेल त्यात मुरते आणि आधीच्या मालाचा वास पुढच्याला लागतो. काचेत काही मुरत नाही. एका रोमन कथेतला नवश्रीमंत यजमान म्हणतो, काचेला वास येत नाही; फुटत नसती तर सोन्याहून तीच बरी.

आणि फुटली, तर तो फेरीवाला होताच. तयार काच पुन्हा वितळवायला जळण कमी लागे आणि नवा नॅट्रॉन आणावा लागत नसे. याचा पुरावा काचेतच राहिला आहे. हिरवटपणा घालवायला काही कारखाने मँगनीज घालत, काही अँटिमनी. एकाच तुकड्यात दोन्ही सापडले, की समजावे, वेगवेगळ्या काचा एकत्र वितळल्या आहेत.

इटलीतल्या ग्रादोजवळ समुद्रतळाशी एक रोमन जहाज सापडले. त्यात एका पिंपात सुमारे १४० किलो फुटकी काच होती: बाटल्या, पेले, ताटल्या, सगळ्यांची सरमिसळ. जहाज बुडाले आणि ती भट्टीपर्यंत पोचलीच नाही.