बीड वेगळं, पोलाद वेगळं (आणि तव्याला वेल्डिंग मारून मिळणार नाही)

साकीनाक्याला आमचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. महिन्याला एक तरी गिऱ्हाईक तडकलेला तवा नाहीतर शिलाई मशीनचा मोडका पाय घेऊन येतं. "काका, लोखंडच आहे, दोन टाके मारून द्या." लोखंडच आहे म्हणे! घोळ तिथेच आहे.

पोलाद तुम्ही रोज बघता: स्लॅबच्या सळया, खिडकीची ग्रील. दुकानात 'लोखंडी' म्हणून मिळणारा पत्र्याचा तवासुद्धा पोलादच. बीड म्हणजे ओतीव लोखंड, कास्ट आयर्न: आंबोळीचा जड तवा, गटाराचं जुनं झाकण. गंज दोघांना चढतो, चुंबकही दोघांना चिकटतो. त्यावरून काही कळत नाही.

फरक कार्बनचा, आणि तोच लोक उलटा सांगतात. 'लोखंडात कार्बन घातला की पोलाद होतं' हे ऐकून माझे कान किटलेत. झोतभट्टीतून (खनिजातून लोखंड काढायची भट्टी) निघणाऱ्या लोखंडाच्या रसात कोकमुळे, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशामुळे, आधीच ४ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. पोलाद करायचं तर तो जाळून काढावा लागतो. हेन्री बेसेमर या इंग्रज संशोधकाने १८५६ मध्ये त्यासाठी रसातून हवा फुंकली. आता ऑक्सिजन फुंकतात. जमशेदपूरला टाटांच्या भट्टीतून लोखंड निघालं डिसेंबर १९११ मध्ये, पोलाद फेब्रुवारी १९१२ मध्ये. आधी लोखंड, मग पोलाद.

ग्रीलच्या पोलादात कार्बन उरतो पाव टक्क्याच्या आतबाहेर. बिडात २ टक्क्यांच्या वर, तोही बहुधा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. घाव बसला की भेग एका पापुद्र्यावरून दुसऱ्यावर पळते. पोलाद आधी वाकतं, बीड सरळ तुटतं. ड्रिल लावून बघा: पोलादाची वेटोळी निघतात, बिडाचा काळा भुगा पडतो आणि बोटं पेन्सिल घासल्यासारखी होतात.

म्हणून बीड कमअस्सल नव्हे. दाब सोसायला ते खमकं आहे. काळाघोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत १८६० च्या दशकापासून बिडाच्या खांबांवर उभी आहे. ताण आला की मात्र सळईच हवी. आणि आंबोळी बिडावरचीच, यात वाद नको.

बिडाच्या वेल्डिंगचं म्हणाल तर टाका थंड होताना आकसतो आणि शेजारीच नवी भेग पडते. निकेलची कांडी वापरून, आधी तुकडा तापवून, मग वाळूत हळूहळू निववून जमतं. मशीनच्या पायासाठी मी तेवढं करतो. तव्यासाठी नाही. नवा आणा, आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका.