श्रीकृष्णात अक्षरं किती?

आमच्या सोसायटीत बरेच आजी-आजोबा अजून बटणांचा फोन वापरतात. त्यांच्यासाठी सचिव एकगठ्ठा एसएमएस पाठवतात. गेल्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं की यापुढे मेसेज इंग्रजीत जातील, कारण मराठी मेसेजला दुप्पट पैसे पडतात. मग व्हायचं ते झालं. एक गट मातृभाषेवरचा अन्याय म्हणून उठला. आयटीतला एक तरुण म्हणाला, "काका, मराठीचं एकेक अक्षर तीन-तीन बाइट खातं, त्याला कोण काय करणार?" आणि एका निवृत्त गुरुजींनी ठेवणीतलं अस्त्र काढलं: संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा आहे असं नासानेच सांगितलंय, मग तिच्या लेकीचंच ओझं कसं होतं?

गुरुजींचं आधी उरकतो. १९८५ साली नासाच्या एम्स केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी 'एआय मॅगझिन'मध्ये एक लेख लिहिला. संस्कृत वैयाकरण वाक्याचा अर्थ ज्या रीतीने फोडून मांडत, ती रीत संगणकात ज्ञान साठवण्याच्या तेव्हाच्या एका पद्धतीशी जुळते, हा त्याचा मुद्दा. मुद्दा चांगला आहे. पण तो व्याकरणकारांच्या विश्लेषणाबद्दल आहे, प्रोग्रॅम संस्कृतात लिहा असं त्यात नाही आणि नासाने ठराव वगैरे काही केलेला नाही. गंमत म्हणजे ही बातमी ज्या फॉरवर्डमधून फिरते, त्यातली देवनागरीही मुकाट्याने तीन-तीन बाइटच खात असते.

आता त्या तीन बाइटांकडे. आधी एक साधा प्रश्न: 'श्रीकृष्ण' या शब्दात अक्षरं किती? कुणीही मराठी माणूस श्री-कृ-ष्ण अशी बोटं मोडून तीन म्हणेल. संगणक म्हणतो नऊ: श, पाय मोडायचं हलन्त चिन्ह, र, दीर्घ ई-ची वेलांटी, क, ऋ-ची खूण, ष, पुन्हा हलन्त, ण. युनिकोड या जगभरच्या अक्षरांच्या क्रमांक-यादीत या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे. आणि हाच शब्द फाइलमध्ये साठवला की तो २७ बाइट होतो. तीन, नऊ, सत्तावीस. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि निम्मी भांडणं कोण कुठलं उत्तर गृहीत धरून बोलतोय हे न सांगितल्यामुळे होतात.

नवाचे सत्तावीस कसे झाले, हा माझा लाडका भाग. जरा सांभाळून घ्या.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. तिने जगातल्या लिप्यांना क्रमांक वाटले. देवनागरीला २३०४ ते २४३१ हा पट्टा मिळाला, आणि त्यातला क्रम आपल्याच 'इस्की' या भारतीय मानकावरून घेतला गेला. 'क' हा २३२५. पण एका बाइटमध्ये आठच बिट, म्हणजे ० किंवा १ मावेल असे आठ खण, म्हणजे फार तर २५६ वेगळ्या किमती. मग २३२५ लिहायचा कसा? १९९२च्या सप्टेंबरच्या सुमारास केन थॉम्पसन आणि रॉब पाइक हे दोन संगणकतज्ज्ञ न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवायला बसले असताना ताटाखालच्या कागदावर याचं उत्तर मांडलं गेलं. तेच यूटीएफ-८. आज जवळजवळ सगळं वेब त्यावर चालतं.

रचना अशी. बाइट ०ने सुरू झाला तर तो एकटा, जुनं इंग्रजी अक्षर. ११०ने सुरू झाला तर 'मी आणि माझ्यामागे एक'. १११०ने सुरू झाला तर 'माझ्यामागे दोघे'. आणि मागून येणारा प्रत्येक बाइट १०ने सुरू होणार, दुसरं कुणीही १०ने सुरू होणार नाही. २३२५ द्विमान पद्धतीत सोळा बिटांत मांडला की ००००१००१०००१०१०१ होतो. त्याचे चार, सहा आणि सहा असे तुकडे करून या साच्यांत भरा: १११००००० १०१००१०० १००१०१०१. झाला 'क'. चोवीसपैकी आठ बिट नुसत्या खुणांत गेले. उधळपट्टी वाटते ना? पण त्यामुळेच फाइलच्या मध्ये कुठेही डोळे मिटून उडी मारली तरी आपण अक्षराच्या सुरुवातीला आहोत की पोटात हे लगेच कळतं. एक बाइट गहाळ झाला तर एक अक्षर बिघडतं, पुढचा अख्खा मजकूर नाही.

याची उलट बाजू मी एका पावतीवर पाहिली. नावाच्या रकान्याला 'वीस अक्षरं' अशी मर्यादा होती, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्यात वीस बाइट. 'श्रीकृ' अठरा बाइटांत बसलं, 'ष'चे दोनच बाइट आत शिरले, तिसरा दाराबाहेर राहिला. कागदावर छापून आलं 'श्रीकृ' आणि पुढे काळ्या शंकरपाळ्यात पांढरं प्रश्नचिन्ह. हा दोष ना मराठीचा, ना यूटीएफ-८चा. बाइट मोजून त्याला अक्षर म्हणणाऱ्याचा आहे.

मग अन्याय? दोन बाइटांचा साचा ११ बिट धरतो, म्हणजे २०४७पर्यंत. ग्रीक, रशियन, अरबी त्यात बसतात. एसटीच्या भाषेत टप्पा २०४७ला संपतो आणि आपलं गाव २३०४ला, म्हणून पुढच्या टप्प्याचं तिकीट. चुटपुट लागते खरी. पण गावं १९९१ला वसली आणि टप्पे १९९२ला पडले. मुद्दाम कुणी आपल्याला पलीकडे बसवलं, हे वर्षांच्या हिशेबात बसत नाही. शिवाय देवनागरीचा पहिला बाइट नेहमी २२४च असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. इतकी पुनरुक्ती असली की फाइल दाबून लहान करणारे प्रोग्रॅम खूश होतात. 'मराठी पानं जड' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन: हा अख्खा लेख पंधरा-वीस किलोबाइटांचा असेल. सकाळी येणारं गुलाबाचं एक 'शुभ प्रभात' सहज शंभरच्या वर जातं.

खरा भुर्दंड आहे तो चॅटबॉटांत. ती यंत्रं मजकुराचे तुकडे करून वाचतात, आणि शिकवणीच्या मजकुरात वारंवार शेजारी आलेले बाइट जोडून हे तुकडे ठरतात. इंग्रजी भरपूर, म्हणून इंग्रजीचे तुकडे शब्दाएवढे मोठे. मराठी तुटपुंजी, म्हणून आपला चुराच. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने मे २०२४मध्ये जीपीटी-४ओ हे नवं मॉडेल आणताना स्वतःच दिलेल्या नमुन्यात एका मजकुराला मराठीत आधी ९६ तुकडे लागत, ते ३३ झाले. इंग्रजीत २७चे २४. बिल तुकड्यांवर लागतं. लिपी तीच, बाइट तेच, तरी भार तिसऱ्या हिश्श्यावर आला. तुकड्यांची यादी बनवताना मराठी किती वाचली, यावरच सगळं होतं.

आणि आमचा एसएमएस? तिथे यूटीएफ-८ नाहीच, त्यामुळे आयटीवाला तरुणही चुकला. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६०. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा, म्हणून ७०. सत्तरच्या पुढे गेलात की दोन मेसेजचे पैसे, वर जोडणीच्या माहितीसाठी जागा जाऊन प्रत्येकात ६७च उरतात.

सचिवांचा मजकूर मी कागदावर उतरवून घेतला: 'उद्या टाकी धुणार, सकाळी पाणी येणार नाही. कृपया आजच भरून ठेवा. - सचिव, ब विंग'. काना, वेलांटी, रिकाम्या जागा धरून मोजलं. ७६. सहा जास्त. 'ब विंग' काढू म्हटलं तर सचिव तयार होईनात, अ विंगवाले टाकी भरून ठेवतील म्हणाले. शेवटी 'कृपया' काढलं. पुढच्या जागेसकट बरोबर सहा.

बरोबर ७०. मेसेज मराठीतच गेला, एकाच्या पैशात. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या आजींनी सचिवांना गाठून विचारलं, "हुकूम सोडायला कधीपासून लागलास रे?"