जुन्या विमानाचा पार्ट मिळत नाहीये? ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

पुष्पक, एरोंका, पायपर कब, टायगर मॉथ असलं काही जुनं छोटं विमान हँगरमध्ये धूळ खात पडलंय आणि ते परत उडवायचंय, अशा लोकांचा पहिला फोन ठरलेला असतो, "पुष्पकचा अमुक पार्ट आहे का?" आम्ही असे पार्ट शोधून मागवून देतो, आणि आमचं उत्तर पण ठरलेलं, पार्ट नंबर सांगा. विमानाच्या नावानं विचारलं की सगळीकडे "बंद झाला" एवढंच ऐकायला मिळतं, नंबरनं शोधलं की बरेचदा तोच पार्ट भलत्याच विमानासाठी अजून बनत असतो.

पुष्पकचंच घ्या ना. एचएएलचं, आपल्या कोल्हापूरकडच्या वि. मा. घाटगेंनी डिझाइन केलेलं, 1958 ला पहिल्यांदा उडालं, आणि बनली ती दीडशेच्या आसपास, एवढ्याशा विमानांसाठी आता कोण पार्ट काढणार? पण आत इंजिन आहे कॉन्टिनेंटल सी-90, आणि सेस्ना 150 विमानातल्या ओ-200 इंजिनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) अगदी तोच, सेस्ना 150 तर वीस हजारांच्या वर बनल्या, त्यामुळे सिलिंडर वगैरे आजही नवीन मिळतात. म्हणून सगळंच एकमेकांत चालतं असं नाही हां, कॅमशाफ्ट वेगळा आहे. मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) जुना आयसमनचा असेल तर त्याचे सुटे भाग शोधत बसू नका, मान्यता असलेला दुसऱ्या कंपनीचा मॅग्नेटो बसवता येतो का हे तुमच्या एएमईंना (विमान दुरुस्तीचं लायसन्स असलेल्या इंजिनिअरना) आधी विचारा, आमच्या मते त्यातच शहाणपण.

नट-बोल्टचा घोळ सगळ्यात जास्त. एएन हा विमानाच्या बोल्टचा अमेरिकन स्टँडर्ड, त्यात एएन3-5ए म्हणजे 3/16 इंच जाडी, साधारण 5/8 इंच लांबी, आणि शेवटचा 'ए' म्हणजे स्प्लिट पिनचं भोक नाही, तो 'ए' लिहायला विसरलात की भोकवाला बोल्ट येणार. खऱ्या स्टीलच्या एएन बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात हुबेहूब तसाच दिसणारा मिळेल, स्वस्तात मिळेल, पण विमानात लावू नका प्लीज. टायगर मॉथवाल्यांनी तर डबल काळजी घ्या, बरेचसे ब्रिटिश आटे 55 अंशांचे आणि अमेरिकन 60 चे, काही साइजमध्ये नट दोन-तीन आटे आरामात जातो मग अडकतो, जोर लावलात की दोन्ही गेले.

"नवीन जुना स्टॉक" म्हणजे न वापरलेला पण कधीचा पडून असलेला माल. लोखंडी फिटिंग असेल तर भारीच. रबर असेल तर मात्र पाकिटावरची तारीख बघा, 2क्यू73 असं काही छापलेलं असतं, म्हणजे 1973 ची दुसरी तिमाही. पाकीट सीलबंद असलं तरी आतला होज किंवा ओ-रिंग म्हातारीच, असला माल आम्ही पाठवत नाही. तसंच अंधारात चमकणारे युद्धकाळातले डायल, त्यात रेडियम असू शकतं, चमक गेली तरी रेडियम जात नाही (अर्धं व्हायलाच 1600 वर्षं लागतात), ते आम्ही मागवतच नाही, कितीही आग्रह केलात तरी.

आता कागद. अमेरिकेचा एफएए 8130-3, युरोपचा ईएएसए फॉर्म 1 किंवा आपल्याकडचा सीए फॉर्म 1, यातला काहीतरी रिलीज कागद, म्हणजे पार्ट विमानात वापरायला योग्य असल्याचा दाखला, पार्टसोबत हवा. विकणारा "चालू स्थितीत काढलाय" म्हणतो ते त्याचं म्हणणं, सर्टिफिकेट नव्हे. अमेरिकेत मालकाला स्वतःच्या विमानासाठी काही अटींवर पार्ट बनवून घेता येतो हे वाचून बरेच जण लेथवाल्याकडे पळतात, तो नियम तिथला आहे, इथे डीजीसीए (आपल्याकडची विमान वाहतूक नियामक संस्था) काय मान्य करेल ते एएमईंकडून आधी लेखी घ्या मगच मेटल कापा. कागद नसलेला पार्ट फक्त शोभेला ठेवायच्या विमानासाठी घ्यायचा असेल तर तसं स्पष्ट सांगा, आम्ही बिलावर तसंच लिहितो.

आम्हाला पाठवायचं काय तर पार्ट्स कॅटलॉगच्या त्या पानाचा फोटो, विमानाचा आणि इंजिनचा सिरियल नंबर, आणि जुन्या पार्टचे सगळ्या बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल पण डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर ठोकलेले आकडे वाचता येत नाहीत. आम्ही पार्ट शोधून, मागवून, कागद तपासून देतो, बसवत नाही, ते काम लायसन्सवाल्या एएमईंचंच. आणि जुना पार्ट कितीही सडलेला असला तरी नवीन बसेपर्यंत भंगारात देऊ नका, कारण आलेला पार्ट भोकाला भोक लावून त्याच्याशीच जुळवून बघायचा असतो.