बियाणं गेलं की माणसं गेली?

ग्रीसमध्ये शेती दिसू लागते ती इ.स.पू. ६५००च्या सुमारास, आणि ब्रिटनमध्ये इ.स.पू. ४०००च्या सुमारास. मधलं अंतर साधारण अडीच हजार किलोमीटर आणि मधला काळही अडीच हजार वर्षं. म्हणजे शेती वर्षाला एक किलोमीटर पुढे सरकली. आजोबांच्या शेतापासून नातवाचं शेत दोन दिवसांच्या चालीवर, एवढंच. आपण खंडभर पसरणाऱ्या लाटेत आहोत, हे त्यातल्या कुणालाच जाणवलं नसणार.

हा वेग पहिल्यांदा नीट मोजला तो पुरातत्त्वज्ञ अल्बर्ट अ‍ॅमरमन आणि जनुकशास्त्रज्ञ लुइजी कावाल्ली-स्फोर्झा यांनी, १९७१ साली, ५३ उत्खनन-स्थळांच्या रेडिओकार्बन तारखांवरून, म्हणजे अवशेषांतल्या कार्बनवरून काढलेल्या काळावरून. पुढे २००५ मध्ये ७३५ स्थळं घेऊन पुन्हा हिशेब झाला, तेव्हाही उत्तर वर्षाला ०.६ ते १.३ किलोमीटरच्या दरम्यान आलं. पण हा वेग आला कुठून? शेतकरी कुटुंबं स्वतः पुढे सरकत गेली, की शेजारच्या शिकारी टोळ्यांनी त्यांचं पाहून बियाणं उचललं?

अ‍ॅमरमन आणि कावाल्ली-स्फोर्झा यांचा कौल माणसांच्या बाजूने होता. त्यांनी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरचं १९३७चं समीकरण घेतलं. एखादं फायद्याचं जनुक लोकसंख्येत कसं पसरतं, यासाठी ते मांडलेलं होतं. त्यातून लाटेचा वेग मिळतो: वाढीचा दर आणि पसरण्याचा गुणांक यांचा गुणाकार करायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायची. लागतात फक्त दोन आकडे: माणसं किती वेगाने वाढतात आणि किती लांब जाऊन राहतात.

आठ हजार वर्षांपूर्वीचे हे आकडे कोण देणार? म्हणून ते अलीकडच्या माणसांकडून घेतले गेले. रिकाम्या जमिनीवर लोकसंख्या किती झपाट्याने वाढते, ते प्रशांत महासागरातल्या पिटकेर्नसारख्या बेटांवरच्या वसाहतींवरून काढलं. दर आला वर्षाला शेकडा ३.२, म्हणजे बावीसेक वर्षांत दुप्पट. पसरण्याचा आकडा दिला इथियोपियातल्या, फिरती शेती करणाऱ्या माजांगीर लोकांनी. पालकांच्या जन्मस्थळापासून मुलांचं जन्मस्थळ किती लांब, हे पाहिलं. आपल्याकडे सोयरीक पंचक्रोशीत जमायची, तसाच हा प्रकार, फक्त त्यांची पंचक्रोशी ऐसपैस. पिढीमागे साधारण ३९ किलोमीटर.

समीकरणात हे आकडे घातले की वेग येतो १.४ किलोमीटर, म्हणजे गरजेपेक्षा जास्त. कुठे चुकलं? १९९९ मध्ये फोर्ट आणि मेंदेझ या भौतिकशास्त्रज्ञांनी ते दाखवलं, आणि मला या सगळ्या कहाणीत हीच जागा सर्वांत सुंदर वाटते. जुन्या समीकरणात जन्मलेलं मूल लगेच चालू लागतं. खरं मूल मात्र आधी आईबापांच्या शेतावर वाढतं, वयात आल्यावर वेगळं होतं आणि मग नवी जमीन शोधतं. एका पिढीची, म्हणजे पंचवीस वर्षांची ही थांबण्याची वेळ गणितात घातली की वेग नेमका एक किलोमीटरवर येतो. बाळाला मोठं व्हायला वेळ लागतो, ही कुठल्याही आईला ठाऊक असलेली गोष्ट समीकरणाला शिकवावी लागली.

तरीही वेग जुळला म्हणून माणसंच चालली, हे सिद्ध होत नाही. शिकारी लोक शेतीकडे वळत गेले तरी लाट पुढे सरकतेच. २०१२ मध्ये फोर्टने दोन्ही वाटा एकत्र मांडल्या, तेव्हा वेगातला साधारण ६० टक्के वाटा माणसांच्या हालचालीचा आणि ४० टक्के अनुकरणाचा निघाला. पुरातन डीएनएने त्यातला माणसांचा वाटा ठळक केला: युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांचा वंश मुख्यतः अनातोलियाशी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाशी जुळतो.

लाट सगळीकडे सारखी मात्र वाहिली नाही. उत्तर जर्मनीपर्यंत आलेली शेती डेन्मार्कच्या दाराशी हजारभर वर्षं थबकली. तिथल्या किनाऱ्यावर मासे, सील, कालवं यांची रेलचेल होती. शेतकऱ्यांच्या दगडी कुऱ्हाडी त्या लोकांनी घेतल्या, शेती घेतली नाही. जर्मनीतल्या हागेनजवळच्या ब्लेटरहोले गुहेत तर शेती येऊन दोन हजार वर्षं झाल्यानंतरची हाडं आहेत, आणि त्यात शेतकरी आहेत तसेच गोड्या पाण्यातल्या माशांवर जगणारे लोकही आहेत. दोघांचे मृतदेह एकाच गुहेत ठेवलेले. शिकाऱ्यांच्या काही मुली शेतकऱ्यांच्या घरात गेल्याची खूण डीएनएत सापडते, उलट दिशेची सापडत नाही.

आपल्या उपखंडात हेच गणित लावताना सावध राहावं लागतं. सिंधूच्या खोऱ्याजवळ मेहरगढला इ.स.पू. ७०००च्या आसपास गहू आणि जव होते, म्हणून इराणकडून शेतकरीच आले असतील, असं मानलं जाई. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांनी उत्खनन केलेल्या राखीगढीत, म्हणजे हरियाणातल्या सिंधू संस्कृतीच्या स्थळी, साठेक सांगाडे तपासल्यावर एकाच स्त्रीचा डीएनए वाचता आला, आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचे पूर्वज इराणच्या लोकांपासून वेगळे झाले होते ते तिथे शेती सुरू होण्याच्याही आधी. युरोपसारखी शेतकऱ्यांची लाट निदान तिच्या रक्तात तरी नाही. शेती तिच्या पूर्वजांनी स्वतः उभी केली असेल, नाहीतर शेजाऱ्यांकडून शिकली असेल.